सौर प्लेट आणि बॅटरी यांमधली पेटी : डी.सी. कन्व्हर्टरचें कार्य व त्याची पारख

तळेगांव दाभाडे व आसपासच्या मावळ भागांत सौर प्लेटा आतां नवलाच्या राहिल्या नाहींत. केंद्र सरकारची कुसुम योजना 2019 सालीं निघाली आणि 2024 सालीं राज्य सरकारनें ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना सुरू केली. तीत अडीच एकरांपर्यंत 3, पांच एकरांपर्यंत 5 व त्यावरील धारणेस साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. सर्वसाधारण शेतकऱ्यानें किंमतीचा दहावा हिस्सा व अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्यानें विसावा हिस्सा भरावयाचा असतो. पंप घेतांना आपले शेतकरी बंधु प्लेटा मोजून घेतात, पंपाचें नांव विचारतात, पाइप किती फूट मिळणार याचा वाद घालतात. परंतु प्लेटा आणि पंप यांच्या मध्यें जी लोखंडी पेटी खांबावर बसवितात, तिच्या आंत काय आहे हें विचारणारा मनुष्य आमच्या पाहण्यांत क्वचित् आला. ह्या पेटीविषयींचें आमचें अज्ञानहि इतरांइतकेंच होतें, आणि तें आम्हांस दोन हंगाम भोंवलें. म्हणून हा लेख.

आमच्या मळ्यांतील खोपीवर दिव्यासाठीं व फवारणीचा पंप भरून घेण्यासाठीं आम्हीं एक 250 वॉटची प्लेट, 150 अँपिअर-तासांची 12 व्होल्टची बॅटरी व एक लहान कंट्रोलर अशी जोडणी बाजारांतून आणून बसविली. दुकानदारानें सर्व माल एकाच पावतीवर दिला. दिवसभर कडक ऊन पडे, तरी रात्रीं नऊच्या सुमारास दिवा मंद होई. आम्हीं प्रथम प्लेटेस दोष दिला, ती पुसली, तिचा उतार बदलला. मग बॅटरीस दोष दिला व तिच्यांत शुद्ध पाणी भरलें. शेवटीं आमचा एक पुतण्या, जो कारखान्यांत विजेचें काम करतो, सुटीच्या दिवशीं मीटर घेऊन आला. ऐन दुपारीं त्यानें मोजणी केली आणि म्हणाला, “काका, प्लेटेकडून 8.2 अँपिअर येतात आणि बॅटरीकडेहि 8.2 अँपिअरच जातात. बॅटरीवर दाब साडेतेरा व्होल्ट. तुम्हीच गुणाकार करा.”

गुणाकार करणें हा आमचा जन्माचा धंदा. 8.2 गुणिले 13.5 म्हणजे सुमारें 111 वॉट. प्लेट 250 वॉटची. निम्म्याहून अधिक माल वाटेंतच नाहींसा होत होता आणि प्लेट व बॅटरी दोघीहि निर्दोष होत्या!

येथें व्होल्ट, अँपिअर व वॉट हे शब्द आले. महसूल खात्यांत ज्यांनीं मोजणीचे नकाशे पाहिले आहेत त्यांस हें समजण्यास अडचण नाहीं. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. हा शेताची लांबी समजावा. अँपिअर म्हणजे प्रवाह. ही रुंदी समजावी. वॉट म्हणजे दोहोंचा गुणाकार, अर्थात् क्षेत्र. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. तो 33 फूट लांब व 33 फूट रुंद असला काय, किंवा 99 फूट लांब व 11 फूट रुंद असला काय, सातबाऱ्यावर क्षेत्र एकच लागतें. विजेचेंहि तसेंच आहे. काम करतें तें क्षेत्र. परंतु प्रत्येक यंत्रास आपापल्या आकाराचाच तुकडा लागतो. बॅटरीस आखूड व रुंद पट्टा हवा, प्लेट देते लांब व अरुंद पट्टा. दोहोंच्या मध्यें क्षेत्र न गमावतां आकार बदलून देणारें जें यंत्र, तेंच डी.सी.-डी.सी. कन्व्हर्टर. आमच्या जुन्या पेटींत तें नव्हतेंच. तिनें पट्ट्याची लांबी बॅटरीच्या मापानें कापली व उरलेला तुकडा सोडून दिला.

प्लेटेचा स्वभाव थोडा अधिक सांगितला पाहिजे. आमच्या प्लेटेच्या पाठीवरील चिठ्ठीवर चार आंकडे होते. तारा मोकळ्या ठेवल्या तर 37.5 व्होल्ट, पण प्रवाह शून्य. दोन्ही तारा एकमेकींस जोडल्या तर 8.7 अँपिअर, पण दाब शून्य. पहिल्यांत लांबी आहे, रुंदी नाहीं. दुसऱ्यांत रुंदी आहे, लांबी नाहीं. क्षेत्र दोहोंतहि शून्य. ह्या दोन टोंकांच्या मध्यें एकच जागा अशी आहे कीं जेथें क्षेत्र सर्वांत मोठें होतें. चिठ्ठीप्रमाणें ती 30.5 व्होल्ट व 8.2 अँपिअर येथें होती, आणि त्याचा गुणाकार 250. पण ही चिठ्ठी प्लेट 25 अंश उष्ण असतांनाची आहे. चैत्रवैशाखांत प्लेट साठ अंशांच्याहि वर तापते, आणि तापण्याच्या प्रत्येक अंशागणिक दाब शेंकडा सुमारें एक-तृतीयांश घटतो. म्हणून भर उन्हाळ्यांत तीच जागा 27 व्होल्टांवर येते. आभाळ आलें कीं आणखी हलते. पेटीनें ही हलती जागा सतत शोधीत राहिलें पाहिजे. चांगल्या पेटींतील लहानशी गणकयंत्रणा दाब किंचित् वाढवून पाहते. क्षेत्र वाढलें तर त्याच दिशेनें आणखी एक पाऊल, घटलें तर मागें. हें ती दिवसभर करीत असते. ह्या शोधास एम.पी.पी.टी. असें नांव आहे व तें पेट्यांवर छापलेलें असतें. तें छापलें असणें आणि आंत असणें यांतील अंतराविषयीं शेवटीं सांगूं.

आतां कोणी विचारील, कीं दाब बदलणें यांत नवल काय? आपल्या वाडीबाहेरची डी.पी. अकरा हजार व्होल्टांचे 433 व्होल्ट रोजच करीत असते. खरें आहे, परंतु डी.पी.वरील रोहित्र चालतें तें प्रत्यावर्ती म्हणजे ए.सी. प्रवाहावर. त्या प्रवाहाची दिशा सेकंदांत पन्नास वेळां उलटते व पुनः सुलटते, आणि ह्या हालचालीमुळेंच एका गुंडाळींतील वीज लोखंडाच्या द्वारें दुसऱ्या गुंडाळींत उमटते. प्लेट व बॅटरी यांचा प्रवाह एकाच दिशेचा, डी.सी., संथ. त्यावर रोहित्र जोडलें तर पलीकडे कांहींच उमटत नाहीं. उलट पहिली गुंडाळी तापून जळते.

मग जुन्या काळीं डी.सी.चा दाब कमी कसा करीत? त्याचा दाखला आपल्या स्टेशनावरूनच जात असे. 1 जून 1930 रोजीं सुरू झालेली दख्खनची राणी ज्या विजेवर धांवली ती 1500 व्होल्टांची डी.सी. होती. घाटावरील ही लोहमार्गाची तार पुढें कैक दशकें तशीच राहिली. आतां तेथें 25,000 व्होल्टांची ए.सी. आहे. त्या जुन्या इंजिनांत गाडी सुटतेवेळीं मोटारींवर सर्व दाब एकदम येऊं नये म्हणून मध्यें रोधकांच्या जाळ्या घालीत, आणि गाडीनें वेग घेतला कीं त्या एकेक करून काढीत. जाळ्यांत जो दाब खर्च पडे त्याची निव्वळ उष्णता होऊन ती वाऱ्यावर जाई. पाइपाचा कॉक अर्धवट पिळून पाणी कमी करावें तशांतलाच हा प्रकार : पंप तितकेंच जोर करतो, आणि जोर कॉकपाशीं मरतो.

ह्यावर जी युक्ति निघाली तिचें मर्म एका वाक्यांत मावतें. कॉक अर्धवट पिळूंच नये. एकतर पूर्ण उघडावा, नाहींतर पूर्ण बंद करावा. पूर्ण उघड्या कॉकपाशीं पाण्यास अडथळा नाहीं म्हणून तेथें जोर मरत नाहीं. पूर्ण बंद कॉकांतून पाणीच जात नाहीं म्हणून तेथेंहि मरत नाहीं. जोर मरतो तो केवळ अर्धवट स्थितींत. विजेची कळ अशी पूर्ण मिटत व पूर्ण उघडत सेकंदास हजारों वेळां चालविली, तर सरासरीनें हवा तेवढा दाब मिळतो आणि कळेंत फारसें कांहीं जळत नाहीं. हाताची कळ हें काम करणार नाहीं. 1947 सालीं अमेरिकेंत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, त्याच्या पुढच्या पिढ्या मोठा प्रवाह पेलूं लागल्या, तेव्हां ही युक्ति घरोघर पोंचली. आजच्या पेट्यांतील कळ सेकंदास दहा हजारांपासून लाख वेळांपर्यंत उघडझांप करते.

पण नुसती उघडझांप केली तर बॅटरीस धक्के बसतील. म्हणून कळेच्या पुढें तांब्याच्या तारेचें एक वेटोळें बसवितात. वेटोळ्याचा गुण असा कीं त्यांतून वाहणारा प्रवाह एकाएकीं वाढतहि नाहीं व एकाएकीं थांबतहि नाहीं. हातानें फिरविण्याच्या कडबाकुट्टीचें जड चाक ज्यांनीं फिरविलें आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको. हात क्षणभर सुटला तरी चाक फिरतच राहतें व कडबा कापला जातच राहतो. कळ मिटली असतां प्लेट वेटोळ्यास ढकलते व बॅटरी भरते. कळ उघडली असतां प्लेट तुटते, पण वेटोळें आपल्या जोरावर प्रवाह चालूच ठेवतें. त्या प्रवाहास फिरून येण्यासाठीं एक डायोड ठेवलेला असतो. हा डायोड म्हणजे पाइपावरील नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह; एकाच दिशेस जाऊं देतो.

आमच्या पुतण्यानें पेटी बदलून पुनः मोजलें तेव्हां जें दिसलें तें ह्यावरून उलगडतें. प्लेटेकडे 27 व्होल्ट व 7.8 अँपिअर, बॅटरीकडे 13.5 व्होल्ट व 14.8 अँपिअर! जमा 7.8 आणि खर्च 14.8 हें पाहून आम्ही चपापलों. ज्या दफ्तरांत असा ताळेबंद निघतो तेथें चौकशी लागते. परंतु वरील वर्णन पुनः वाचावें. वेटोळ्यांतून 14.8 अँपिअर सतत वाहत आहेत. कळ निम्म्याहून किंचित् अधिक वेळ मिटलेली. तेवढाच वेळ ते प्लेटेच्या बाजूकडून येतात, उरलेला वेळ डायोडांतून फिरून येतात. म्हणून प्लेटेच्या खात्यावर सरासरीनें 7.8 च पडतात. क्षेत्राचा हिशेब करावा : 27 गुणिले 7.8 म्हणजे 210.6 वॉट जमा, 13.5 गुणिले 14.8 म्हणजे 199.8 वॉट खर्च. मधले 10.8 वॉट, शेंकडा सुमारें पांच, कळ, वेटोळें व डायोड यांच्या उष्णतेंत गेले. दोन भावांनीं जमिनीची अदलाबदल केली तरी बांधाखालीं कांहीं जमीन जातेच, तसें हें समजावें. पूर्वीचे 111 वॉट आणि आतांचे 200 ! त्याच प्लेटेवर, त्याच उन्हांत.

हा झाला दाब उतरविण्याचा प्रकार. विहिरीवरच्या पंपास बहुधा उलट गरज असते, म्हणजे दाब चढवावा लागतो. हें उतरविण्यापेक्षां चमत्कारिक वाटतें, कारण कमी दाबांतून अधिक दाब येणार कोठून? पण शेतकऱ्यानें हें पाण्यांत पाहिलेलें आहे. लांब पाइपलाइन जोरानें वाहत असतां पुढचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर काय होतें? धाड् असा आवाज होतो व पाइप फुटतो. वाहत्या पाण्यास अंगचा वेग असतो. वाट बंद झाली कीं तो वेग दाबाच्या रूपानें उसळतो, आणि हा दाब मूळच्या दाबाहून कितीतरी अधिक असतो. ह्याच उसळीचा उपयोग करून फ्रान्समध्यें माँगोल्फिए यानें 1796 सालीं हायड्रॉलिक रॅम नांवाचा पंप केला. ओढ्याचें पाणी उताराच्या नळींतून वाहूं द्यावयाचें. वेग आला कीं खालची झडप आपोआप मिटते. उसळलेलें पाणी दुसऱ्या, एकाच दिशेच्या झडपेंतून हवेच्या कोठींत शिरतें व तेथून टेकडीवर चढतें. मग खालची झडप पुनः उघडते. ना इंजिन, ना वीज. दोन मीटर उताराच्या पाण्यानें वीस मीटर चढ गांठतां येतो. मात्र दहा हिश्शांतील जास्तींत जास्त एक हिस्सा पाणी वर जाईल, प्रत्यक्षांत त्याहून कमी. क्षेत्राचा नियम येथेंहि सुटला नाहीं.

दाब चढविणारें डी.सी. कन्व्हर्टर म्हणजे विजेचा रॅमच होय. उताराची नळी ती वेटोळें, खालची झडप ती कळ, एकदिशी झडप तो डायोड आणि हवेची कोठी तो कपॅसिटर. कळ मिटली कीं प्लेटेचा प्रवाह वेटोळ्यांतून मोकळा वाहूं लागतो व वाढत जातो. कळ उघडली कीं वाट बंद. वेटोळ्याची उसळी प्लेटेच्या दाबांत मिळते व दोघांचा एकत्र जोर डायोडांतून कपॅसिटरांत जाऊन सांठतो. रॅमशीं फरक एवढाच कीं तेथें खालच्या झडपेंतून पाणी ओढ्यांत वाहून जातें. येथें कळेंतून गेलेला प्रवाह परतीच्या तारेनें प्लेटेकडेच येतो.

आंकड्यांनीं पाहूं. 3 अश्वशक्तीच्या पंपास सुमारें 3000 वॉटच्या प्लेटा लागतात. समजा 335 वॉटच्या नऊ प्लेटा एकीमागून एक जोडल्या व प्रत्येकीचा दाब 37 व्होल्ट आहे. एकंदर 333 व्होल्ट झाले. 415 व्होल्टांची तीन फेजची मोटार पुरत्या जोरानें चालविण्यास आंतील डी.सी.चा दाब सुमारें 587 व्होल्ट लागतो, कारण ए.सी.चा शिखरदाब नांवाच्या दाबाच्या 1.414 पट असतो. म्हणजे 333 चे 587 करावयाचे. त्यासाठीं कळ शंभरांत सुमारें 43 भाग वेळ मिटलेली व 57 भाग उघडी ठेवावी लागते. 333 ला 0.57 नें भागलें असतां उत्तर 584 येतें. मिटलेला वेळ वाढविला कीं दाब चढतो. मात्र फार ताणलें तर उष्णता वाढून नफा जातो. प्रत्येक पेटींत हें चढविण्याचें निराळें चक्र असतेंच असें नाहीं. प्लेटा भरपूर असल्या तर त्यांची माळच पुरेसा दाब देते, किंवा मोटारच कमी दाबाची घेतात, आणि पेटी मोटारीचा वेग कमीजास्त करून क्षेत्राची उत्तम जागा सांभाळते. पंप घेतांना ही माहिती विचारून ठेवावी, कारण पुढें पेटी बदलण्याचा प्रसंग आला तर भलतीच पेटी माथीं बसूं नये. योजनेच्या पंपास पांच वर्षांची दुरुस्तीची हमी असते. त्या मुदतींत कोणा कारागिराकडून परस्पर खटपट करवूं नये.

माळेंतील एका प्लेटेवर सावली पडली तर सबंध माळेचा प्रवाह आंवळला जातो. पाटांत एके ठिकाणीं ढेंकूळ पडल्यासारखें होतें. प्लेटेच्या पाठीमागें बगलेचे डायोड असतात, ते प्रवाहास वळसा देतात, पण त्या भागाची वीज गेलीच. बांधावरील बाभळीची फांदी छाटणें पेटी बदलण्याहून स्वस्त. पेटी मात्र सावलींतच हवी. तिच्यांतील कपॅसिटर उष्णतेनें मरतात. दहा अंश अधिक तापले कीं त्यांचें आयुष्य साधारण निम्म्यानें घटतें. मावळांतील पावसाळ्यांत तारा शिरण्याचीं भोंकें नीट बुजवावीं. ओल, मुंग्या व पाली आंत शिरून पेटी जाळतात.

एक धोक्याची गोष्ट. ए.सी. प्रवाह सेकंदांत शंभर वेळां शून्यावर येतो, म्हणून कळ उघडतांना पडलेली ठिणगी विझते. डी.सी. कधींच शून्यावर येत नाहीं. तिची ठिणगी जिवंत राहते व धातू वितळविते. म्हणून घरांतील साधी ए.सी.ची कळ प्लेटांच्या तारेवर बसवूं नये, डी.सी.साठींच केलेली घ्यावी. आणि पंप चालू असतां प्लेटांचे जोड हातानें ओढून काढूं नयेत. ऊन आहे तोंवर प्लेट बंद होत नाहीं, आणि माळेचे शेंकडों व्होल्ट प्राण घेतात. पेटी बंद केल्यावरहि कपॅसिटरांत वीज उरते. निदान दहा मिनिटें झांकणास हात लावूं नये, आणि खरें म्हणजे शेतकऱ्यानें तें उघडूंच नये.

राहतां राहिली बॅटरीच्या पेटीची पारख. बाजारांत स्वस्त पेट्यांवर एम.पी.पी.टी. हीं अक्षरें सर्रास छापलेलीं आढळतात, आणि आंत मात्र आमच्या जुन्या पेटीसारखी नुसती कळ असते. लहान, म्हणजे 36 घरांची प्लेट 12 व्होल्टच्या बॅटरीस जोडावयाची असेल तर साध्या पेटीनेंहि फारसें बिघडत नाहीं. त्या प्लेटेचा दाब उन्हाळ्यांत 16 व्होल्टांच्या आसपास असतो, तुकडा कापला जातो तो लहान. तेथें महाग पेटी घेणें आम्हांस पटत नाहीं. 60 किंवा 72 घरांची प्लेट असेल तर मात्र खरी पेटीच हवी. खऱ्या पेटींत तांब्याचें वेटोळें असल्यानें ती हातास जड लागते, परंतु वजनावर विसंबूं नये. बॅटरी अर्धी उतरलेली असावी, कारण भरलेली बॅटरी वीज घेतच नाहीं. दुपारीं बाराच्या सुमारास प्लेटेच्या तारेंतील व बॅटरीच्या तारेंतील अँपिअर मोजावे. दोन्हीकडे आंकडा एकच आला तर पेटी खोटी; बॅटरीकडे स्पष्ट अधिक आला तर खरी. मोजण्यास तारेभोंवतीं चिमटा लावण्याचा मीटर चालतो, पण तो डी.सी. मोजणारा पाहिजे. अनेक वायरमन जवळ बाळगतात तो चिमटा केवळ ए.सी.चा असतो, तो दोन्ही तारांवर शून्यच दाखवील, आणि त्यावरून पेटी बिघडली असें समजून कोणी नवी विकत घेऊं नये.